उतू नये, मातू नये, पान गाळू नये

डिसेंबरात 'रणांगण' वाचत बसलेल्या माणसाकडे जरा संशयानेच बघावं. विश्राम बेडेकरांची ही १९३९ सालची कादंबरी थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, बोटीवर परागंदा झालेले ज्यू, आणि किनारा लागेपर्यंतच मुदत असलेलं प्रेम. एवढ्याशा जागेत एवढा मोठा विषय मराठीत फार थोड्यांनी बसवलाय. पण आमच्या सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर तिची मागणी वर्षाच्या शेवटच्या पंधरवड्यातच का उसळते, याचं कारण साहित्यिक नाही. ती बारीक आहे. तिच्या खालोखाल व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. दुष्काळाने उठून गेलेल्या त्या वाडीबद्दल गेल्या डिसेंबरात आमच्या जिन्यात जी हळहळ व्यक्त झाली, ती सगळी एकतीस तारखेच्या आत व्यक्त होणं भाग होतं.

कारण वाचनसंकल्प. एक जानेवारीला आपण वर्षभरात किती पुस्तकं वाचणार तो आकडा चारचौघांत जाहीर करायचा, आणि मग वर्षभर त्या आकड्याला तोंड द्यायचं. तळमजल्यावरच्या वहिनींनी पन्नास म्हटलं नसतं तर मी पंचवीसवर सुखाने थांबले असते. पण त्यांनी पन्नास म्हटलं, तेही माझ्याकडे बघून. मी बावन्न म्हटलं. आठवड्याला एक, हिशेबाला सोपं. डोंबिवलीहून रोज व्हीटीला जाऊन येणाऱ्या, घरी सासूबाई, नवरा आणि बारावीतली मुलगी असलेल्या बाईने आठवड्याला एक कादंबरी वाचणं हिशेबालाच सोपं असतं.

कट्टा चालवतात आमचे सर. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, पण निवृत्तीची बातमी त्यांच्या आवाजापर्यंत अजून पोचलेली नाही. त्यांनी हजेरीपट आखलाय. उभी नावं, आडवे महिने, झालेल्या पुस्तकाला निळी खूण, मागे पडलेल्याला लाल. महिन्याच्या शेवटच्या रविवारी पट वाचून दाखवला जातो आणि पन्नाशीची माणसं बाकावर उभं केल्यासारखा चेहरा करून बटाटेवडे खातात. शिवाय मुलीने मला फोनमध्ये एक ॲप घालून दिलंय. ते रोज सकाळी सांगतं, 'तुम्ही चार पुस्तकं मागे आहात.' चहाच्या आधी!

आकडा आला की पुस्तक निवडण्याची तऱ्हाच बदलते. पूर्वी मी लायब्ररीत मलपृष्ठ वाचायचे. आता पुस्तक आडवं धरून कणा बघते. 'मृत्युंजय' मी मार्चमध्ये धाडसाने काढलं. शिवाजी सावंतांनी नऊ भागांत सहा जणांच्या तोंडून कर्ण सांगितलाय, आणि त्या सहाही जणांना सवडीने बोलायची सवय आहे. लेडीज डब्यात उभं राहून एका हातात कडी आणि दुसऱ्या हातात 'मृत्युंजय' धरणं हा स्वतंत्र व्यायाम आहे. दिव्याला कुंती बोलायला लागायची, ठाण्याला 'कुठे उतरणार?' विचारत कुणीतरी माझ्या कोपराखालून चौथ्या सीटवर शिरायचं, आणि कुर्ल्यापर्यंत मी तोच परिच्छेद वाचत असायचे. एक बाई तर माझ्या खांद्यावरून रोज वाचायच्या. 'थांबा हं, एवढ्यात पान उलटू नका,' म्हणायच्या. त्या घाटकोपरला उतरायच्या. एकदा दारात उभ्या राहून ओरडल्या, 'उद्या मी सुट्टीवर आहे, पुढे काय होतं ते सांगा!' कर्णाचं पुढे काय होतं ते मी गर्दीतून काय ओरडून सांगणार?

बरं, एवढं करून पटावर खूण एकच. 'मृत्युंजय'लाही एक आणि 'रणांगण'लाही एक. मी कट्ट्यावर हरकत घेतली. पानं मोजा, म्हटलं. सर म्हणाले, "उत्तरपत्रिकेची पानं मोजून मार्क देत नसतात." त्यांच्याच शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई मागून हळूच म्हणाल्या, "देतात, सर." विषय तिथेच बारगळला.

मग दिवाळी आली आणि नवाच पेच. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांच्या स्वप्नातही नसेल की, शंभर-सव्वाशे वर्षांनी डोंबिवलीत त्यावरून माणसं हमरीतुमरीवर येतील. प्रश्न साधा होता. दिवाळी अंक हे पुस्तक धरायचं का? धरलं, तर ज्या अंकात दोन-दोन 'संपूर्ण कादंबऱ्या' आहेत, त्याच्या खुणा किती? एक काका म्हणाले, तीन. दोन कादंबऱ्या झाल्या, तिसरी कोणती? तर म्हणे, वार्षिक राशिभविष्य. "त्यात नायक आहे, संकटं आहेत, ऑगस्टनंतर कलाटणी आहे." मला तरी हा युक्तिवाद बिनतोड वाटला. सरांनी अख्ख्या अंकाला अर्धी खूण दिली, आणि शाळा सोडल्यानंतर पहिल्यांदा मी अपूर्णांकांची बेरीज केली.

नवऱ्याने या लढाईत वेगळीच वाट काढली. तो कादंबऱ्या ऐकतो. भाजी निवडताना, स्कूटरवरून मंडईत जाताना, कानात सतत कुणीतरी बोलत असतं. ऐकणं म्हणजे वाचणं का, यावर माझी ना नाही. आपल्याकडे आख्खी रामायणं-महाभारतं कानांनीच वाचली गेली. पण हा गृहस्थ दीडपट वेगाने ऐकतो! 'बनगरवाडी'तले धनगर, ज्यांना एक वाक्य बोलायला अर्धा माळ ओलांडावा लागतो, ते याच्या कानात कर्जत फास्ट पकडायची असल्यासारखे बोलतात. त्याची बत्तीस पुस्तकं गणपतीच्या आत झाली. एकाचंही कथानक त्याला विचारू नये.

जुलैत तरुण मंडळींनी 'वेगळं काहीतरी' म्हणून चौकोनांचा तक्ता आणला. शीर्षकात रंग असलेली कादंबरी, अंक असलेली, गावाचं नाव असलेली, असे चौकोन भरायचे. गावाला तोटा नव्हता. 'गारंबीचा बापू', 'माहीमची खाडी', 'पानिपत'. मराठी कादंबरीकार आधी गाव शोधतो आणि मग माणसं वसवतो, असं माझं जुनं मत आहे. रंगाच्या चौकोनासाठी मी खानोलकरांची 'रात्र काळी घागर काळी' वाचली आणि काळा दोनदा आल्यामुळे दोन खुणा मागितल्या. मिळाल्या नाहीत. अंकाच्या चौकोनात मुलीच्या मैत्रिणीने किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' लिहिली. सरांचा विषय गणित. त्यांनी लाल पेनाने त्रेचाळीसवर काट मारून बेचाळीस केलं. "अहो सर, १९७४ पासून ते तसंच आहे, लेखकाने मुद्दाम केलंय," आम्ही सांगून पाहिलं. "मुद्दाम केलं तर जास्त मार्क कापतात," सर म्हणाले.

पण खरा अनर्थ केला तो शेवटच्या चौकोनाने. 'आपल्या जन्मसाली प्रसिद्ध झालेली कादंबरी.' ज्याने कुणी हा चौकोन आखला त्याला सोसायटीत राहण्याचा अनुभव कमी असावा. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी 'पानिपत' घेऊन आल्या. विश्वास पाटलांची ही कादंबरी १९८८ सालची. वहिनींच्या मुलाचं लग्न ठरतंय. कुणी काही बोललं नाही, पण वडे मुकाट्याने खाल्ले गेले. एका काकांचा जन्म १९६३ चा, त्यामुळे त्यांच्या वाट्याला 'कोसला' आली. ते अजून कुढतात की, वर्षभर आधी जन्मलो असतो तर रणजित देसाईंची 'स्वामी' मिळाली असती, निदान नीट सुरुवात-शेवट तरी असता.

इथून मतांचा विषय सुरू होतो, आणि वाचण्यापेक्षा हा फार जोखमीचा आहे. नेमाड्यांनी 'कोसला' अवघ्या काही आठवड्यांत लिहून काढली असं सांगतात. आमच्या कट्ट्याला ती पचवायला त्याहून जास्त लागले. आवडली म्हणावं तर 'स्वामी'वाले भुवया उंचावतात, नाही आवडली म्हणावं तर कॉलेजातली पोरं आपल्याकडे करुणेने बघतात. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला जातो आणि हात हलवत परत येतो, एवढ्यावरून आमच्याकडे दोन शेजाऱ्यांनी पार्किंगमध्ये बोलणं सोडलं. मला ती मनापासून आवडली. विशेषतः त्याची बहीण जाते तो भाग मी गाडीत वाचू शकले नाही, पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले. एकच त्रास. ती वाचली की दोन दिवस माणूस तसंच बोलतो. तळमजल्यावरच्या वहिनींना वड्यांची कृती विचारली तर म्हणाल्या, "उदाहरणार्थ बटाटे उकडायचे वगैरे."

आमच्या सासूबाईंचं याबाबतीत बरं आहे. त्या कादंबरीकडे स्थळ बघायला गेल्यासारख्या जातात. शैली, रचना वगैरेंशी त्यांना कर्तव्य नाही. घराणं कसं, मुलगा काय करतो, एवढंच. खांडेकरांची 'ययाति' वाचून त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, "अशा घरात मुलगी देऊ नये." मी म्हटलं, "अहो आई, ज्ञानपीठ मिळालंय, १९७४ चं." त्या म्हणाल्या, "ते खांडेकरांना मिळालं. ययातीला नव्हे." मुलाचं तारुण्य मागणाऱ्या बापावर इतकी नेमकी टीका मी समीक्षेच्या पुस्तकांत वाचलेली नाही. देवयानीवर मात्र त्यांचा राग नाही. त्यांच्या मते कचाचं चांगलं स्थळ हातचं गेलं, तिथेच सगळं बिघडलं.

खरी मनमोकळी मतं वाचायची असतील तर लायब्ररीच्या पुस्तकांचे समास वाचावेत. 'एक पुस्तक, एक मासिक' अशी वर्गणी भरणाऱ्या पिढ्यान् पिढ्यांनी तिथे पेन्सिलीने आपलं मन मोकळं केलंय. एका कौटुंबिक कादंबरीच्या शेवटच्या पानावर कुणीतरी लिहिलं होतं, 'शेवट पटला नाही.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'मग तुम्ही लिहा.' त्याखाली तिसऱ्या, शिस्तशीर अक्षरात, 'ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये.' हे शेवटचं शाईने. रहस्यकथांच्या बाबतीत तर काही वाचक निव्वळ दुष्ट असतात. पहिल्याच प्रकरणात दिवाणजींच्या नावाभोवती गोल काढून समासात 'हाच' असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय.

कट्ट्यावर मात्र सगळ्यांसमोर बोलावं लागतं, आणि तिथे खरं मत महागात पडतं. म्हणून मी एक वाक्य तयार ठेवलंय: "पूर्वार्ध घट्ट आहे, उत्तरार्ध थोडा सैल पडलाय." हे वाक्य कुठल्याही कादंबरीला बसतं. जाड असो, पातळ असो, अर्धी वाचलेली असो. ऐतिहासिक कादंबरीला तर इतकं चपखल बसतं की, कट्ट्यावरच्या एका सरदारभक्त काकांनी ते वहीत टिपून घेतलं. पूर्वार्ध आपण वाचलेला असतोच, आणि उत्तरार्धाला सैल म्हटल्यावर तो कुणी तपासायला जात नाही.

फक्त एका पुस्तकापुढे हे वाक्य तोंडातून फुटेना. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो'. 'लग्नाच्या वेळची मुलगी' असा एक चौकोन होता, त्यात यमू बसत होती म्हणून घेतली. १८९० पासून ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकात थोडी थोडी छापून यायची. तेव्हाच्या बायकांना एक तुकडा वाचून आठवडाभर थांबावं लागायचं, आणि ते का, हे मला वाचताना कळलं. यमू आपलं सगळं इतकं साधेपणाने सांगते की, दोन प्रकरणांपुढे एका वेळी जाववतच नाही. त्यात सासूबाईंनी पुस्तक पळवलं. त्यांच्या लहानपणी घरात एक लाल आलवणातल्या आजी होत्या, त्यांच्या आठवणी निघाल्या, मग मुलगी ऐकायला बसली, आणि महिनाभर आमच्याकडे बाकी काही वाचलं गेलं नाही. माझ्या नावापुढे लाल शाईची रांग लागली. ॲप म्हणालं, नऊ पुस्तकं मागे.

तरी एकतीस डिसेंबरला मी एकावन्नावर होते. कसे, ते राशिभविष्यवाल्या काकांना विचारा. बावन्नावं काय करावं या विवंचनेत असतानाच सरांनी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. कोपऱ्यात खोके होते. आम्हाला वाटलं, दिनदर्शिका. सरांनी खोकं उघडलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत ठेवली. स्वतः लिहिलेली, स्वखर्चाने छापलेली कादंबरी. मी सवयीने कणा बघितला. 'मृत्युंजय' डोळ्यांपुढे तरळलं. विषय, एका आदर्श मुख्याध्यापकाचं जीवन.

"जानेवारीचं पुस्तक हेच," सर म्हणाले. "सगळ्यांना सक्तीचं. आणि अभिप्राय तोंडी नको. लेखी द्यायचा. मी तपासून परत करीन."

कुणीतरी भीत भीत विचारलं, "चांगला अभिप्राय दिला तर चालेल ना, सर?"

"मुद्देसूद हवा," सर म्हणाले आणि खिशाला लावलेलं लाल पेन त्यांनी नीट केलं.

लिफ्टमध्ये तळमजल्यावरच्या वहिनी आणि मी दोघीच होतो. दोघींच्या हातात ते ओझं. दुसरा मजला येईपर्यंत त्या गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "तुमचं ते घट्ट-सैलचं वाक्य तुम्हीच वापरणार असाल ना?"

"अहो, बावन्नावं आहे माझं. वापरावंच लागणार."

"पण सैल म्हटलं तर सर सोडतील का तुम्हाला?"

मी विचारात पडले. लिफ्ट पहिल्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, बाहेर कुणी नव्हतं, दार लागलं.

"असं करू," मी म्हटलं. "मी पूर्वार्ध घट्ट आहे एवढंच लिहिते. उत्तरार्ध तुम्ही घ्या."