कालुंडबोर्ग आणि आमचे बोंडू

शाश्वत व्यवसाय शिकायला उन्हाळी कोर्सला डेन्मार्क गाठा, हा तुमच्या लेखातला सल्ला पटला. खर्चाचं मात्र दोन ओळींत उरकलंत. फी, विमान, व्हिसा धरला तर आमच्यासारख्याचा आंब्याचा अख्खा हंगाम त्यात जाईल! तरी जाणाऱ्याने तिथलं कालुंडबोर्ग हे कारखान्यांचं शहर बघावंच. १९७२ पासून तिथे एका कारखान्याचं टाकाऊ दुसऱ्याचा कच्चा माल होत आलंय: वीजकेंद्राच्या धुरातून काढलेल्या जिप्समचे बोर्ड बनले, वाफ शेजारच्या कारखान्यांना गेली. आमच्याकडे काजूच्या टरफलाचं तेल निघतं, ब्रेक लायनिंगला वापरतात. पण वेंगुर्ल्यात एप्रिलमध्ये कुठल्याही बागेत जा, बोंडू, म्हणजे काजूची रसाळ फळं, झाडाखाली कुजतायत, चिलटं घोंघावतायत. पलीकडे गोव्यात त्याचीच फेणी! असा कोर्स करून कोकणात परत आलेलं, बोंडूवर धंदा उभारणारं कोणी माहीत असेल तर पुढचा लेख त्यांच्यावर लिहा.