तोंड वाकडं झालं ते वाऱ्यानं नव्हे

थंडी पडली की नाशिकच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: ‘मुलांना सकाळी स्कूटरवर पुढे उभं करू नका. कानाला गार वारा लागून लहान मुलांना लकवा मारतोय, तोंड वाकडं होतंय. डॉक्टर स्टिरॉइड देतील, ते अजिबात घेऊ नका. कानात लसणाचं कोमट तेल, गालाला गरम शेक, दिवसातून दहा वेळा फुगा फुगवणे. २१ दिवसांत पूर्ण बरं.’ कानटोपी जरूर घाला. बाकीचं एकेक पाहू.

‘गार वारा लागून होतं.’ चेहरा हलवणारी नस मेंदूतून निघते, कानाच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून वाट काढते आणि कानाच्या पाळीखाली बाहेर येते. नस सुजली तर हाड मागे सरत नाही. नस आवळली जाते आणि त्या बाजूचा चेहरा लुळा पडतो. बऱ्याच मुलांत या सुजेचं नेमकं कारण सापडत नाही, त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. अंगात दबून राहिलेला हर्पीसचा (ओठावर फोड आणणारा) विषाणू पुन्हा उठतो, असा दाट संशय आहे. वाऱ्यानंच होत असतं, तर निफाडचा पारा पाच अंशांखाली उतरला की तिथले वर्गच्या वर्ग वाकड्या तोंडाने बसलेले दिसले असते.

वाऱ्यावर खापर फोडण्याचा खरा तोटा वेगळाच आहे. कारण सापडल्यासारखं वाटतं आणि शोध थांबतो. मुलांत तर शोध घ्यावाच लागतो. पहिला कान. मधल्या कानात पू झाला असेल तर नस तिथेच, शेजारून जात असते. अशा वेळी अँटिबायोटिक लागतं, कधी पडद्याला छेद देऊन पू काढावा लागतो. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसत असेल, तर संसर्ग हाडात गेलाय. त्याच दिवशी दाखल करायचं. कानात किंवा कानाभोवती पाण्याचे फोड असतील तर तो कांजिण्यांच्या विषाणूचा प्रकार, त्याला विषाणूविरोधी औषध लागतं. दुसरा, रक्तदाब. लहान मुलाला कसलं आलंय बीपी, असं म्हणून हे हमखास राहतं. पण मूत्रपिंडाच्या किंवा महाधमनीच्या दोषामुळे दाब फार वाढलेल्या मुलांत चेहऱ्याचा लुळेपणा हे पहिलं लक्षण असू शकतं. मोजताना पट्टा मुलाच्या मापाचा हवा. मोठ्यांचा पट्टा लहान दंडाला गुंडाळला की आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. तिसरं, रक्त. मूल फिकट दिसतंय, अंगावर काळेनिळे डाग आहेत, ताप हटत नाही, गाठी लागतात, तर ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची, शंका घेऊन सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि स्मिअर (सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची तपासणी) लगेच.

‘हा लकवा आहे.’ मेंदूतल्या झटक्याने होणारा लकवा वेगळा, आणि फरक घरीही दिसतो. मुलाला भुवया वर करायला सांगा, डोळे घट्ट मिटायला सांगा, दात दाखवायला सांगा. नस दुखावली असेल तर कपाळाला आठी पडत नाही, डोळा मिटत नाही आणि ओठ निरोगी बाजूला ओढला जातो. कपाळ दोन्हीकडे नीट हलतंय आणि फक्त तोंड वाकडं आहे, किंवा जोडीला हातापायात कमजोरी, बोबडं बोलणं, तोल जाणं आहे, तर मेंदूचा विचार करून तडक इमर्जन्सीत न्यायचं. तान्ह्या बाळाचा चेहरा रडताना पाहावा. रडताना फक्त एका बाजूचा खालचा ओठ उतरत नाही, पण डोळे नीट मिटतात, असं असेल तर बहुधा ओठाचा एक छोटा स्नायूच कमी वाढलेला असतो. अशा बाळाचं हृदयही तपासून घेतात.

‘स्टिरॉइड घेऊ नका.’ इथे मेसेजही चुकतो आणि ‘स्टिरॉइड दिलंच पाहिजे’ म्हणणारेही. मोठ्यांत पहिल्या ७२ तासांत सुरू केलेल्या प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा फायदा सिद्ध आहे. मुलांसाठी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये स्वतंत्र चाचणी झाली, तिचे निकाल २०२२ मध्ये आले: वजनाच्या दर किलोला रोज साधारण १ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, १० दिवस. महिन्याअखेर पूर्ण बरी झालेली मुलं औषधाच्या गटात ४९ टक्के, तुलनेसाठी औषध नसलेला नुसता दिखाऊ डोस दिलेल्या गटात ५७. सहा महिन्यांनी ९९ आणि ९३. म्हणजे महिन्याभरात तरी औषधाचा फायदा दिसला नाही आणि दोन्हीकडची बहुतेक मुलं बरी झाली. त्यामुळे द्यायचं की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. मात्र ल्युकेमियाची शंका असताना रक्त न तपासता स्टिरॉइड दिलं, तर आजार झाकला जातो आणि निदान लांबतं. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून सुरू करणं म्हणूनच धोक्याचं.

‘तेल, शेक, फुगा.’ पडद्याला भोक असलेल्या कानात तेल गेलं तर संसर्गात भरच. शेकाने नस उघडत नाही, गाल मात्र भाजतो. फुगे, च्युइंगगम, विजेचे झटके यांचा फायदा सिद्ध नाही. आरशासमोर हळुवार, तोलून केलेले व्यायाम चालतात, तेही फिजिओथेरपिस्टनी दाखवल्यावर.

मेसेजमध्ये डोळ्याबद्दल अक्षर नाही, आणि नुकसान होतं ते तिथेच. पापणी मिटत नाही, बुबुळ कोरडं पडतं, जखम होते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब दर एक-दोन तासांनी, रात्री झोपताना डोळ्याचं मलम. मग बोटाने पापणी पूर्ण मिटवून कागदी चिकटपट्टी लावायची. उघड्या डोळ्यावर कापूस ठेवून पट्टी बांधू नये. तो कापूसच बुबुळावर घासतो. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

‘२१ दिवसांत बरं.’ बहुतेक मुलं आपोआप सुधारतात, म्हणून त्या काळात जे काही केलं त्याला श्रेय मिळतं, मग ते तेल असो की ताईत. तीन-चार आठवड्यांत काहीच हालचाल आली नाही, लुळेपणा तीन दिवसांनंतरही वाढतच राहिला, दोन्ही बाजूंना आला किंवा पुन्हा उद्भवला, तर बेल्स पाल्सी हे निदान बाजूला ठेवून एमआरआय आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांची तपासणी करून घ्यायची. सुधारलेल्या मुलालाही तीन महिन्यांनी एकदा दाखवा. घास चावताना डोळा आपोआप मिटत असेल तर नसेचे धागे चुकीच्या स्नायूंना जोडले गेलेत, आणि त्यावरचे व्यायाम वेगळे असतात.