ब्राउनीतले तिखट : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

मिरची घातलेल्या चॉकलेट ब्राउनीच्या कृतीवर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की बेडगी हाताशी नव्हती म्हणून आपण घरातले रोजचे तिखट तेवढ्याच मापाने मैद्यात मिसळले, ओव्हनमधून काढल्याबरोबर तुकडा कापून खाल्ला आणि ठसका तेवढा लागला, चॉकलेट कुठे लागलेच नाही. त्यावरून, खान्देशी माणसाला शेवभाजी आणि ब्राउनी यांतला फरक कळत नाही, असा निष्कर्ष आपण काढलात. वाक्य वाचून हसलो; निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

ही जोडी काही आम्ही नंदुरबारकरांनी जुळवलेली नाही. कोको आणि मिरची या दोन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातल्या, आणि साखरेची ओळख होण्याच्या कितीतरी आधी मेक्सिकोतले अझ्टेक लोक कोकोच्या पेयात मिरची घालून पीत असत. आपल्याकडे तर मिरचीच मुळी सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आली. शिवाय गोडात तिखट चालत नाही असे म्हणायचे, तर रामनवमीच्या सुंठवड्याचे काय करायचे?

आता मुख्य मुद्दा. मिरचीचा तिखटपणा ही जिभेची चव नसून मज्जातंतूंना होणारी दाहाची जाणीव आहे. डेव्हिड ज्युलियस या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1997 मध्ये मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहीचा, म्हणजे ही जाणीव टिपणाऱ्या प्रथिनाचा, शोध जाहीर केला आणि ज्या कामासाठी त्यांना 2021 चे नोबेल विभागून मिळाले, तो ग्राही मिरचीतल्या कॅप्सायसिन या तिखट द्रव्याने चेतवला जातो आणि सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही. म्हणजे गरम ब्राउनी खाताना आपल्या जिभेवर एकाच दारातून दोघांनी धडक दिली. ब्राउनी पूर्ण निवू द्यावी, असे कृतीत लिहिले होते ते केवळ तुकडे नीट पडावेत म्हणून नव्हे.

दुसरे कारण मैद्याचे. कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळते. कोरडी पूड मैद्यात मिसळली की तिचे कण जागोजागी तसेच राहतात आणि एखाद्या घासात अचानक टोचतात. म्हणून 115 ग्रॅम लोणी मंद आचेवर वितळवून त्यात पाव चहाचमचा बेडगीची पूड घालायची, दहा मिनिटे फुगे न येऊ देता ठेवायचे, बारीक गाळणीने गाळायचे आणि त्याच गरम लोण्यात 150 ग्रॅम डार्क चॉकलेट विरघळवायचे. असे केल्यावर आधी चॉकलेट लागते, आणि घास गिळल्यावर घशाशी हलकी ऊब येते. ती ऊब हाच या कृतीचा सगळा हेतू आहे. तिखट खाल्ल्याचे समाधान हवे असेल त्याने खुशाल ठेचा खावा. चॉकलेटच्या नावाने मिळणारे कंपाउंड मात्र वापरू नये, कारण त्यात कोको बटरऐवजी दुसरे वनस्पतिजन्य स्निग्ध असते आणि ते टाळूला मेणासारखे चिकटून राहते.

राहिली मिरची. आमच्याकडे हिवाळ्यात गावाबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि देठ खुडणाऱ्या बायका नाकातोंडाला फडके बांधून बसलेल्या असतात. त्या मालाचा अभिमान मलाही आहे. तरीही इथे मी बेडगीच सांगतो, कारण तिला रंग आणि सुवास भरपूर, तिखटपणा कमी. ती नसेलच, तर घरातल्या सुक्या मिरच्यांपैकी एक उभी चिरून पाहावी : बिया ज्या पांढरट शिरेला चिकटलेल्या असतात, त्या शिरेत सर्वांत जास्त जाळ असतो. शीर आणि बिया काढून नुसते साल कुटावे, आणि तेही दोन चिमटींपेक्षा जास्त घेऊ नये.

मसाला घालायचाच तर आपला काळा मसाला का नको, असेही आपण विचारले आहे. त्यातले धणे, भाजलेले खोबरे आणि बहुतेक घरी पडणारा कांदा यांचा वास चॉकलेटशी भांडतो. त्यातली दालचिनी तेवढी उचलावी. ती इथे शोभते.

घरातली लहान मुले खाणार असतील तर लोणी आधीच दोन भांड्यांत निम्मे निम्मे करावे, मिरची एकातच घालावी आणि दोन मिश्रणे दोन लहान टिनांत भाजावीत. टिन लहान असल्याने ती लवकर होतात, तेव्हा पंधराव्या मिनिटापासून सुई खुपसून पाहत राहावे. सुईला थोडे ओलसर कण चिकटले की बाहेर काढावे.