नळ घ्यायला जाताना हाताला साबण लावून जा

गेल्या वर्षी जळगावच्या घरातलं बाथरूम तोडून नवीन केलं. दुकानात दोन तास घालवून चकचकीत नळ, शॉवर, फ्लश सगळं पसंत केलं. आता वर्षभर वापरल्यावर ठाम सांगतो, यातल्या निम्म्या वस्तू आपल्या घरासाठी, आपल्या पाण्यासाठी बनवलेल्याच नाहीत.

सगळ्यात जास्त राग त्या गोल नॉबचा येतो. एकदम गुळगुळीत, पकडायला कुठे खाच नाही. माझी माय चौऱ्याहत्तरची, बोटं सांधेदुखीने वाकलेली. एके दिवशी सकाळी आतून आवाज आला, "हाऊ नळ फिरस नही रे भाऊ". डोळ्यात साबण गेलेला, हात साबणाचे आणि नॉब नुसता हातातून सटकत होता, कडी आतून लावलेली म्हणून मलाही काही करता येईना, शेवटी तिने चाचपडत टॉवेल शोधला आणि तो नॉबला गुंडाळून नळ उघडला. तेव्हापासून ती कडी लावतच नाही. बाईमाणसाला आंघोळीला दार नुसतं लोटून बसावं लागतं, ते पण एका नळापायी! जुन्या घरात साधा दांडीचा नळ होता, मनगटाने ढकलला तरी उघडायचा.

बादलीचं पण तेच. वीस लिटरची बादली सरळ नळाखाली जातच नाही, तिरकी करून घालावी लागते आणि भरल्यावर काढताना कडी नळाला अडकून पाणी सांडतं. नळाचा पॉइंट काढताना मिस्तरीने बादली ठेवून बघितली नाही आणि मीही सांगितलं नाही.

आणि आपला उन्हाळा! मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, गच्चीवर काळी टाकी, पाइप उघडे, दुपारी निळ्या खुणेकडून जे पाणी येतं त्याने हात भाजतो. मग सकाळी सहाला बादल्या भरून ठेवायच्या आणि दुपारी त्या वापरायच्या. हिवाळ्यात वेगळाच ताप, एका दांडीचा मिक्सर सगळे मधोमधच ठेवतात, म्हणजे नुसते हात धुतले तरी थोडं पाणी गिझरमधून ओढलं जातं, गरम पाणी हातापर्यंत पोचायच्या आधी नळ बंद होतो आणि तिकडे गिझर परत तापत बसतो. बिल येतं तेव्हा कळतं.

मोठ्या शॉवरचं तर मला आधी माहीत असायला हवं होतं. एक बार प्रेशर म्हणजे पाण्याची साधारण १० मीटर उंची. आमची टाकी शॉवरच्या वर जेमतेम ८-१० फूट, म्हणजे ०.३ बारच्या आत, कुठून जोर येणार? त्यात बोअरचं क्षाराचं पाणी, चार महिन्यात निम्मी भोकं पांढरी होऊन बुजली. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवलं की सुटतात. पण बेसिनच्या नळाची जाळी आत लपवलेली, ती काढायला प्लास्टिकची छोटी चावी लागते आणि ती चावी खोक्यासोबत कचऱ्यात गेली. तुमच्याकडे काम चालू असेल तर ती चावी आधी मागून घ्या.

फ्लशची दोन बटणं, एक ३ लिटरचं एक ६ चं, पण दिसायला सारखीच. पाहुणे दोन्ही दाबतात. रोज नळ येत नाही अशा गावात हे परवडत नाही हो.

नहाणी ट्रॅपचं, म्हणजे बाथरूमच्या जाळीखाली पाणी साठवून गटाराचा वास अडवणाऱ्या भांड्याचं, एक सांगतो, मे महिन्यात आठ-पंधरा दिवस गावी गेलात तर त्यातलं पाणी आटतं आणि घरभर वास, झुरळं. निघताना तांब्याभर पाणी ओतून वर एखादं झाकण ठेवून जा.

मायसाठी परवा दांडीचा नळ आणला, अर्ध्या किमतीत मिळाला. काल तिने मनगटाच्या पाठीने उघडून बघितला, दोनदा बंद केला, परत उघडला. आज आंघोळीला गेली तेव्हा आतून कडी लागल्याचा आवाज आला.