स्पॅनिश शिकवा, पण मराठीतून

महाराष्ट्रात 2025 साली तिसऱ्या भाषेवरून केवढं रान पेटलं होतं! 16 एप्रिलला पहिलीपासून हिंदी अनिवार्य करणारा शासन निर्णय निघाला. 17 जूनला जरा मवाळ भाषेतला दुसरा आला. हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी असेल तर वर्गातली किमान 20 मुलं तयार हवीत, अशी अट त्यात होती. 29 जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्याच वर्षी काही आठवडे आधी इथे स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियात, शाळेची मुख्य भाषा स्थानिक व्हॅलेन्सियन असावी की कास्तेयानो, म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतो ती, यावर पालकांचा कौल घेतला गेला. 25 फेब्रुवारी ते 4 मार्च मतदान चाललं आणि मतं जवळपास निम्मी-निम्मी पडली. दोन्हीकडे वाद एकच: कोणती भाषा आणि कितवीपासून. नवी भाषा मुलाला कोणत्या भाषेतून समजावून सांगायची, याकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. माझ्या मते आधी विचारायला हवा तो हाच प्रश्न, आणि मुलांना मोबाइल-इंटरनेटचे रोजचे स्पॅनिश शब्द शिकवायला बसलं की तो सगळ्यात स्पष्ट दिसतो.

कोल्हापूरच्या मुलांना स्पॅनिशची ओढ लागते ती बहुतेक फुटबॉलमुळे. जिथे पेठापेठांच्या तालमींचे संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर सामन्याला झुंबड उडते, तिथे बार्सिलोना आणि रिअल माद्रिदचे चाहते असणारच. मुलं या क्लबचे व्हिडिओ बघतात, खाली स्पॅनिश प्रतिक्रिया बघतात, आणि प्रत्येक यूट्यूबर शेवटी 'सुस्क्रिबेते' (सबस्क्राइब कर) म्हणतो तेही ऐकतात. म्हणून फळं, रंग आणि प्राणी यांच्या यादीपासून सुरुवात करण्यात अर्थ नाही. मुलाच्या हातात जे यंत्र आहे त्यावरचे शब्द आधी.

बहुतेक ॲप, पुस्तकं आणि क्लासची टिपणं इंग्रजीतून स्पॅनिशकडे जातात. घोटाळा तिथेच सुरू होतो. मुलाला 'सेव्ह'चं स्पॅनिश हवं असतं. शब्दकोश तीन उत्तरं देतो: साल्बार, आओर्रार, ग्वार्दार. मूल पहिलं उचलतं, आणि साल्बार म्हणजे बुडणाऱ्याचा जीव वाचवणं. आओर्रार म्हणजे पैसे साठवणं. फाइलसाठी लागतो ग्वार्दार, ज्याचा घरगुती अर्थ 'जागेवर नीट ठेवणे'. खेळणी उचलून ठेव, हे सांगतानाही स्पॅनिश आई हेच क्रियापद वापरते. मराठीतून विचार केला तर गोंधळच नाही: जीव वाचवायचा, पैसे साठवायचे, फाइल ठेवायची. 'प्ले'चंही तसंच. खेळणं म्हणजे खुगार, वाद्य वाजवणं म्हणजे तोकार, आणि व्हिडिओ लावणं म्हणजे पोनेर. इंग्रजीत एका शब्दात कोंबलेल्या तीन गोष्टी मराठीत आधीच वेगळ्या आहेत.

या पोनेरपाशी जरा थांबायला हवं. आपण टीव्ही लावतो, गाणं लावतो, गजर लावतो, मोबाइल चार्जिंगला लावतो. स्पॅनिश माणूस या चारही ठिकाणी पोनेरच म्हणतो: पोनेर ला तेले, पोनेर उना कान्थिओन, पोनेर ला आलार्मा, पोनेर एल मोबिल आ कार्गार. फोटो आपण 'काढतो', तेही 'साकार उना फोतो' म्हणतात, आणि साकार म्हणजे दप्तरातून वही काढावी तसं काढणं. (स्पेनमध्ये 'आथेर उना फोतो' जास्त ऐकू येतं, पण साकार कुठेही चालतं.) पसंतीच्या बटणावर 'मे गुस्ता' लिहिलेलं असतं, म्हणजे 'मला आवडतं'. व्हिडिओ अनेक असले की 'मे गुस्तान', मला आवडतात. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं, माणसाप्रमाणे नाही, अगदी मराठीसारखं. इंग्रजीतून शिकलेलं मूल इथे 'यो गुस्तो' असं वाक्य बनवतं. ती चूक निस्तरायला शिक्षकाचे तासन् तास जातात. राजारामपुरीच्या एखाद्या गल्लीतल्या सातवीच्या मुलाला हे 'मला आवडतं' याच्या शेजारी ठेवून दाखवलं तर पाच मिनिटांत उमजतं. घरातलं हे भांडवल सोडून इंग्रजीच्या वळणाने का जायचं?

यावर एक आक्षेप ठरलेला: तंत्रज्ञानाचे मराठी शब्द आहेतच कुठे? मुलं तर पासवर्ड, लिंक, फोल्डरच म्हणतात. मग संगणक, भ्रमणध्वनी, संकेतस्थळ या शब्दांची थट्टा सुरू होते, नाही तर त्यांच्या बाजूने कंबर कसली जाते. स्पॅनिशमध्ये काय झालं ते बघण्यासारखं आहे. उंदीर म्हणजे रातोन, तोच स्पेनमध्ये माऊसला लावला. ढग म्हणजे नुबे, जाळं म्हणजे रेद, हे नेहमीचे शब्द इंटरनेटवर आले. पण वायफाय तिथेही वायफायच राहिलं, फक्त स्पेनमध्ये त्याचा उच्चार 'विफी' होतो. 1713 साली स्थापन झालेल्या रॉयल स्पॅनिश अकादमीने 'तुइत' आणि 'तुइतेआर' हे ट्विटवरून आलेले शब्द 2014 च्या कोशात घेतले. नव्या शब्दांवर सल्ला देणाऱ्या फुंदेऊ या संस्थेने त्याच वर्षीचा शब्द म्हणून 'सेल्फी' निवडला, आपल्या स्पेलिंगमध्ये बसवून. म्हणजे घरचा शब्द जमला तर घरचा, नाही तर परका शब्द आपल्या उच्चारात मुरवून. मराठी बोलणारी माणसंही हेच करतात: 'ती फाइल', 'लिंका पाठव'. तेव्हा वर्गात 'पासवर्ड म्हणजे कोन्त्रासेन्या' असं खुशाल सांगावं. मराठीतून शिकवणं म्हणजे शुद्ध मराठीतून शिकवणं नव्हे. वाक्य मराठी हवं, क्रियापदं मराठी हवीत.

देवनागरीत टिपणं घ्यायला लावा. स्पॅनिशचे पाच स्वर आणि दंत्य त, द आपल्याकडे जसेच्या तसे आहेत. इंग्रजी स्पेलिंगवरून वाचणारं मूल उगाच 'टेक्लाडो' म्हणतं, देवनागरीत 'तेक्लादो' लिहिलं की कीबोर्डचा उच्चार बरोबर येतो. चार ठिकाणी मात्र सावध राहावं. स्पेलिंगमधला 'व्ही' हा 'ब' उच्चारायचा, म्हणून मोबिल (मोबाइल), आर्चिबो (फाइल). 'एच' मुका. 'जे' हा ख आणि ह यांच्या मधला, घशातून घासून काढायचा. आणि लिंकसाठीच्या 'एन्लाथे'मधला थ आपल्या थालीपिठातला नाही. जिभेचं टोक दातांमध्ये धरून हवा सोडायची. हा थ जमेना तर लॅटिन अमेरिकेसारखं 'एन्लासे' म्हणावं, तेही तितकंच बरोबर. च मात्र 'चार'मधला, 'चाक'मधला नव्हे. मराठीत आघात फारसा जाणवत नाही, स्पॅनिशमध्ये त्याने अर्थ बदलतो, म्हणून जोर असलेल्या अक्षराखाली पेन्सिलीने रेघ मारायची सवय लावावी: ग्वार्दार, एन्बियार (पाठवणे), बोर्रार (पुसणे) या सगळ्यांत जोर शेवटच्या अक्षरावर.

लिंगभेद ही कल्पना मराठी मुलाला नवी नसते, पण लिंगं जुळत नाहीत. आपला तो पासवर्ड, त्यांची 'ला कोन्त्रासेन्या'. आपली ती फाइल, त्यांचा 'एल आर्चिबो'. आपली ती लिंक, त्यांचा 'एल एन्लाथे'. आपला तो फोल्डर, त्यांची 'ला कार्पेता'. मराठीत एल-ला सारखं उपपद नसल्याने मुलं ते गाळतात आणि मग लिंग कायमचं निसटतं. सुटा शब्द कधीच फळ्यावर लिहू नका; एल किंवा ला जोडूनच लिहा, बोला, विचारा.

देश आधी ठरवा. स्पेनचं पुस्तक आणि मेक्सिकोचे व्हिडिओ एकत्र केले की मूल गांगरतं. कॉम्प्युटर स्पेनमध्ये ओर्देनादोर, मेक्सिकोत कोंपुतादोरा. मोबाइल इकडे मोबिल, तिकडे सेलुलार. माऊसला तिकडे मौसच म्हणतात. स्पॅनिश क्लबांसाठी शिकायचं तर स्पेन धरा आणि दुसरा शब्द वहीच्या समासात ठेवा.

मग यंत्राची भाषा बदला, पण अख्ख्या फोनची नको. आजीला फोन लावता येईना झाला की दुसऱ्या दिवशी सगळं बंद पडतं. अँड्रॉइड 13 पासून सेटिंगमध्ये सिस्टम, मग भाषा, मग ॲपच्या भाषा असं जाऊन एकाच ॲपला स्पॅनिश लावता येतं. आयफोनवर आधी पसंतीच्या भाषांच्या यादीत स्पॅनिश घालावी लागते, त्याशिवाय ॲपच्या पानावर भाषेचा पर्याय दिसत नाही. यादीत 'एस्पान्योल (एस्पान्या)' निवडा. आता बटणांवर ग्वार्दार, एन्बियार, कोम्पार्तिर (शेअर करणे), बुस्कार (शोधणे), देस्कार्गार (डाउनलोड करणे) अशी मूळ रूपातली क्रियापदं दिसतात. पहिली बारा क्रियापदं इथूनच घ्यावीत. आठवड्यातून तीनदा 20 मिनिटं, एका बैठकीत सहा शब्द, आणि प्रत्येक शब्द बोलताना ती कृती करायचीच: फाइल उघडून पुसायची, मग 'बोर्रार'. नुसत्या पाठांतराने आठवडाभरात शब्द उडतो.

ईमेलचा पत्ता तोंडी सांगणं हा सगळ्यात चांगला सराव. समजा पत्त्यात पन्हाळा, मग खालची रेघ, मग 10, मग ॲट द रेट, 'एखेम्प्लो' (उदाहरण) आणि शेवटी 'पुन्तो एस' (डॉट ईएस) आहे. मूल सरळ 'पन्हाळा' म्हणालं तर ऐकणारा एच गाळून लिहील आणि मेल परत येईल. म्हणून अक्षरं सुटी सांगायची: पे, आ, एने, आचे, आ, एले, आ. खालच्या रेघेला गिओन बाखो, दहाला दिएथ, ॲट द रेटला आर्रोबा. शेवटी 'तोदो खुन्तो, एन मिनुस्कुलास', म्हणजे सगळं जोडून, लहान लिपीत. नावात ज असलेल्या मुलांनी 'खोता' आणि व असलेल्यांनी 'उबे' आधी पाठ करावं. ब आणि व कानाला सारखेच येतात, त्यामुळे वैष्णवीची बैष्णवी व्हायला वेळ लागत नाही. आणखी एक: एनवरची नागमोडी रेघ गाळू नये. मोबाइलवर एन दाबून धरला की ते अक्षर मिळतं, विंडोजवर ऑल्ट धरून आकड्यांच्या कळांवर 164. 'तेंगो दिएथ आन्योस' म्हणजे मी दहा वर्षांचा. रेघ गाळली तर वाक्य अश्लील होतं, आणि मुलाला बिचाऱ्याला कळतही नाही की समोरचे का हसताहेत.

सुरक्षेचे शब्द शेवटच्या धड्यात ढकलले जातात, ते मला अजिबात पटत नाही. अनोळखी माणूस परक्या भाषेत लिहू लागला की मुलाला आधी तेच लागतात. ब्लोकेआर म्हणजे त्याला अडवणं, सिलेन्थियार म्हणजे आवाज बंद करणं, आणि तक्रारीचं बटण स्पेनमध्ये 'देनुन्थियार', लॅटिन अमेरिकेत 'रेपोर्तार'. 'नो ते कोनोथ्को' म्हणजे मी तुला ओळखत नाही, यापुढे एक शब्दही लिहायचा नाही. स्पेनच्या 2018 च्या कायद्याने 14 वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, भारताच्या 2023 च्या कायद्यात ती मर्यादा 18 आहे; त्यामुळे सरावाचं खातं पालकांच्या देखरेखीखालीच उघडावं. स्पेनमध्ये अशा अडचणीत मुलं आणि पालक 017 वर फोन करतात. कोल्हापुरात मुलांसाठी 1098 आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी 1930, हे दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर, कोन्त्रासेन्या शब्द शिकवण्याआधी लिहून घ्यावेत.