डब्याच्या सुट्टीतली भाषा

"तुमच्या अमेरिकेत तर कामावर इंग्रजीच बोलावं लागतं ना? मग इथे काय बिघडलं?" भावजींनी फोनवर विचारलं. विषय भाचीच्या नोकरीचा. नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका कपड्यांच्या शोरूममध्ये ती लागली, आणि तिथे फ्लोअरवर मराठी बोललं की मॅनेजर चारचौघांत टोकतो. गिऱ्हाईक कोण, तर ओझर-पिंपळगावची, द्राक्षांचे पैसे हातात आले की बस्ता बांधायला येणारी मंडळी. काकू म्हणणार, "त्यातला मोरपंखी दाखव गं," आणि हिने "शुअर मॅम" म्हणायचं. ताईचं म्हणणं, पगार देतो त्याचं ऐकावं.

मी कॅलिफोर्नियात वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळतो. लाइनवर मेक्सिकन, व्हिएतनामी, पंजाबी असे सगळे. शिफ्ट बदलताना कुठला लॉट अडवून ठेवलाय, कुठल्या मशीनला हात लावायचा नाही, हे इंग्रजीतच सांगायचं, कारण सगळ्यांना कळणारी तेवढीच एक भाषा. जेवणाच्या सुट्टीत मात्र एका टेबलावर स्पॅनिश, दुसऱ्यावर पंजाबी. तिथे जाऊन मी "इंग्लिश प्लीज" म्हणालो तर कायदा मीच मोडला.

इथल्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात भाषेचा उल्लेख नाही. मूळ देशावरून भेदभाव नको, एवढंच आहे. त्यावरून समान रोजगार संधी आयोगाने १९८० मध्ये नियम केला: सदासर्वकाळ इंग्रजीची सक्ती हा भेदभावच धरला जाईल, ठरावीक वेळेपुरती करायची तर धंद्याची गरज दाखवा. कोर्टांना हे नेहमी पटलं असं नाही. १९९३ मध्ये मांसाचे पदार्थ बनवणाऱ्या एका कंपनीच्या खटल्यात कोर्ट म्हणालं, दोन्ही भाषा येतात ना, मग इंग्रजी बोलायला काय हरकत? (आमच्या ताईसारखंच.) कॅलिफोर्नियाने मग स्वतःचा कायदा केला. तो २००२ पासून लागू आहे. सक्तीमागची निकड मालकाने दाखवायची, नियम आधी कळवायचा. आणि सुट्टीच्या वेळेत सक्ती चालतच नाही. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा ठरवणारा आदेश काढला, पण त्याने हा कायदा काही रद्द झाला नाही.

आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम १६ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवासस्थान एवढं सगळं आहे, भाषा नाही. शिवाय ते कलम सरकारी नोकरीपुरतं. शोरूमच्या मालकाला त्याचं सोयरसुतक नाही. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टने मात्र सांगितलं होतं की कारखान्यातल्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावा. म्हणजे कामगाराला काय कळतं याची कायद्याने काळजी घेतली. त्याने काय बोलावं हे मालकावर सोडून दिलं.

तेव्हा शोरूमच्या मॅनेजरला एकच विचारायला हवं: या इंग्रजीने काम कुठलं होतं? परदेशी गिऱ्हाईक आलं तर जरूर बोलावी. एरवी ती फक्त दुकानाचा तोरा आहे, आणि गावात राहून गावाची भाषा दाबायला तोरा हे कारण पुरत नाही.

भावजींचा उपाय वेगळा: पोरं पाठवू, इंगा दाखवू. २०२५ मध्ये मराठीच्या वादावरून मीरा रोडला दुकानदाराच्या कानाखाली वाजवली तेव्हाही त्यांना बरं वाटलं होतं. मला नाही वाटलं. बँकेच्या काउंटरवरच्या माणसाला मराठी यायलाच हवी, कारण समोर पेन्शनसाठी आलेली म्हातारी उभी असते. पण अंबडच्या एमआयडीसीत वेल्डिंग करणारा बिहारी मुलगा डबा खाताना भोजपुरी बोलला तर ना मालकाने टोकावं, ना भावजींच्या पोरांनी. क्रेनखाली उभं राहू नकोस, हे त्याला कळेल अशा भाषेत सांगणं मात्र मालकाचंच काम, मग त्यासाठी मालकाला चार शब्द हिंदीत बोलावे लागले तरी.