पोट भरणं आणि अंगी लागणं

काका, नमस्कार.

हवामानबदलामुळे गरिबाच्या ताटातलं पोषण घटतंय, या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी हवामानबदलाचा बागुलबुवा उभा करतोय, कार्बन डायऑक्साइड हे तर पिकांचं खाद्यच, टोमॅटो महागला तर पुणेकर भोपळा खातो, आणि १९७२च्या दुष्काळात मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (वाटला जाणारा पौष्टिक कोरडा खाऊ) यांवर वाढलेल्या माणसाला मी कुपोषण शिकवू नये.

टोमॅटोचं आधी कबूल करतो. २०२३च्या जुलैतल्या भावाचं सगळं खापर मी उन्हावर फोडलं, ते चुकलं. ऊन होतं, रोगही पडला होता. पण त्याआधी भाव इतके कोसळले होते की शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला आणि पुढची लागवडच कमी केली.

कार्बन डायऑक्साइडचं मात्र अर्धंच खरं. तो वाढला की गहू-भात जोमाने येतात, पण दाण्यात पिष्ट जास्त भरतं आणि जस्त, लोह, प्रथिनं मागे पडतात. आज हवेत तो दहा लाख भागांत ४२०च्या वर आहे. ५५०च्या आसपास नेऊन उघड्या शेतात गहू वाढवून पाहिला, त्याचे निष्कर्ष २०१४मध्ये आले: जस्त सुमारे ९ टक्के कमी, प्रथिनं ६, लोह ५. पोळी तेवढीच, फुगते तशीच. ज्याच्या ताटात दूध, अंडं, उसळ आहे त्याचं काही अडत नाही. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला होता. त्यांच्या पोळीतलं पाच टक्के लोह तुम्ही सोडून द्याल?

आणि भोपळा! आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी भाजी कडाडली की दुसऱ्या भाजीकडे वळत नाहीत, भाजीच गाळतात. चटणी-पोळी, नाहीतर भात आणि पातळ आमटी. पोट भरतं, अंगी लागत नाही. बहात्तर साली तरी नुसत्या मिलोवर भागत होतं, तर सुकडी वेगळी कशाला वाटली असती?

ज्वारी-बाजरीला या वायूचा फटका जवळजवळ बसत नाही, त्यांची प्रकाशसंश्लेषणाची रीतच वेगळी. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी तर काळ्या रानातल्या ओलीवर येते. पण पुण्यात चांगली ज्वारी गव्हापेक्षा महाग आणि रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ. मावशींच्या घरी भाकरी आता सणासारखी होते. माझा मूळ मुद्दा हाच होता, टोमॅटोच्या नादात तो मागे पडला.

लेखातला टोमॅटोचा परिच्छेद आज दुरुस्त केलाय. आणि मिलोची भाकरी लागायची कशी, ते जरूर लिहा. आईला विचारलं तर ती नुसतं तोंड वाकडं करते.